एकाहत्तराव्या पलटणीचा बिल्ला

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले शिपाई टोपीच्या डाव्या अंगाला धातूचे लहान बिल्ले लावत. पत्र्याचा तुकडा साच्यात दाबून त्यावर चित्र उठवायचं, कडेने पलटणीचा क्रमांक आणि साल घालायचं, पाठीमागे डाख देऊन एक लांब पिन बसवायची, एवढीच त्याची घडण. शौर्यपदक मिळवावं लागे. हा बिल्ला थोडक्या पैशात विकत मिळे. ज्या राज्याच्या सैन्यासाठी तो घडवला, ते राज्य नोव्हेंबर १९१८ मध्ये नकाशावरून नाहीसं झालं. तरीही स्लोव्हाकियातल्या संग्रहांत आणि त्या लढाईहून परतलेल्या शिपायांच्या वारसांकडे हे बिल्ले आजही सापडतात. ज्याच्या मातृभाषेला त्या राज्याने शाळेत फारशी जागा दिली नाही, त्या स्लोव्हाक शिपायाने त्याच राज्याचं चिन्ह आयुष्यभर का जपावं, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. त्याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात. एक म्हणतं की तो मनातून सम्राटाचाच माणूस होता. दुसरं म्हणतं की बिल्ला असाच राहून गेला, त्यात अर्थ शोधू नये. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात आणि त्यांची चूक एकच आहे: ती बिल्ल्याची फक्त पुढची बाजू वाचतात. तिथे काय कोरायचं ते कारखानदाराने, पलटणीच्या अधिकाऱ्यांनी आणि युद्धखात्याने ठरवलं. तो फेकायचा की ठेवायचा, हे मात्र शिपायाने ठरवलं. त्याचं म्हणणं ऐकायचं असेल तर ते या ठेवण्यात ऐकावं लागेल, आणि ते ऐकू आलं की त्यात सम्राटापेक्षा पलटणीचाच विषय जास्त असल्याचं कळतं.

हे बिल्ले आले कुठून, ते आधी पाहू. युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत व्हिएन्ना आणि बुडापेस्टमध्ये देशभक्तीच्या लहानसहान वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला. लोकांनी सोन्याचे दागिने द्यावेत आणि बदल्यात लोखंडाची अंगठी घ्यावी, अशी मोहीम १९१४ मध्ये चालवली गेली. ‘सोनं दिलं, लोखंड घेतलं’ अशा अर्थाचा मजकूर असलेल्या त्या अंगठ्या मध्य युरोपात अजूनही मुबलक दिसतात. टोपीवरचे बिल्ले त्याच वातावरणातले. त्यांच्या विक्रीचा पैसा युद्धमदत कार्यालयाकडे किंवा पलटणीच्या विधवा-अनाथ निधीकडे जात असे. बुडापेस्टची आर्कान्झास, व्हिएन्नाची ब्रुडर श्नायडर आणि गुर्शनर अशा कारखान्यांचे शिक्के कित्येक बिल्ल्यांच्या पाठीवर स्पष्ट वाचता येतात. सुरुवातीला दुतोंडी गरुड, म्हाताऱ्या फ्रान्झ योझेफचा चेहरा, जर्मन कैसरबरोबरची त्याची जोडी, १९१४ चा नाताळ असे सगळ्यांना चालणारे विषय होते. पुढे सैन्य, कोअर, डिव्हिजन, रेजिमेंट, तोफखाना, रेल्वे तुकडी, इस्पितळ असं करत प्रत्येकाचा आपापला बिल्ला निघाला आणि एकूण प्रकार हजारोंच्या घरात गेले. त्या वेळच्या छायाचित्रांत काही शिपायांच्या टोप्यांवर एकाऐवजी तीन-तीन, चार-चार बिल्ले ओळीने टोचलेले दिसतात. वरून आलेल्या हुकमाने सगळ्यांना एकसारखं करणाऱ्या गणवेशात हा एवढाच कोपरा शिपायाच्या हौसेचा होता.

त्या बिल्ल्यांवरची सालं बघत गेलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. स्मरणचिन्ह सहसा घटना संपल्यावर घडतं. हे घडले ती संपण्याआधी. पहिल्यांवर नुसतं १९१४ आहे. मग १९१४–१५ आलं, मग १९१४–१६, मग १९१४–१७. युद्ध यंदा संपेल या भरवशावर साचा कोरावा आणि पुढच्या वर्षी तो बदलावा लागावा, असं चार वर्षं चाललं. धातूही तसाच उतरत गेला. आधीचे बिल्ले पितळेचे आणि तांब्याच्या मिश्रणांचे आहेत. नंतर तांबं तोफगोळ्यांना हवं झालं. घरातली तांब्या-पितळेची भांडी गोळा झाली, देवळांच्या मनोऱ्यांतून घंटा उतरवल्या गेल्या, त्यात स्लोव्हाक गावांच्या घंटाही होत्या. मध्य स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाच्या टांकसाळीत चौदाव्या शतकापासून सोन्या-चांदीची नाणी पडत आली होती. तिथेही १९१६ पासून २० फिलेरचं नाणं लोखंडाचं निघू लागलं. नव्या सम्राट कार्लने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आघाडीवरच्या शिपायांसाठी एक क्रॉस सुरू केला. बारा आठवडे आघाडीवर काढलेल्या प्रत्येकाला तो मिळण्याची सोय होती, आणि ‘राजा आणि देश कृतज्ञ आहेत’ असं लॅटिनमध्ये सांगणारा तो क्रॉस जस्ताचा होता. टोपीवरचे बिल्लेही मग जस्ताचेच झाले. जस्त ठिसूळ, ओल लागली की त्याच्यावर पांढुरकी पूड चढते, आणि बारीक पिनेचा डाख त्यावर फार काळ टिकत नाही. म्हणूनच युद्धाच्या उत्तरार्धातला एखादा बिल्ला शंभर वर्षांनंतर पिनेसकट धड सापडला, तर तो कोणीतरी कोरड्या जागी सांभाळून ठेवला होता असं मानायला आधार मिळतो.

हे कोणीतरी कोण होते? आजचा स्लोव्हाकिया तेव्हा हंगेरीच्या राज्याचा उत्तर भाग होता. तिथून सुमारे ४ लाख माणसं युद्धात ओढली गेली आणि ७० हजारांच्या आसपास परत आली नाहीत. या लोकांचं आपल्या राज्याशी नातं कसं होतं, ते सांगायला थोड्या तारखा पुरेत. स्लोव्हाक माध्यमिक शाळा १८७४-७५ मध्ये बंद केल्या गेल्या. स्लोव्हाकांची सांस्कृतिक संस्था मातित्सा स्लोव्हेन्स्का १८७५ मध्ये बंद झाली. १९०७ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांवरही हंगेरियन भाषेचा दाब वाढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चेर्नोव्हा गावात चर्चच्या अभिषेकावरून जमलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ माणसं मेली. लाखो माणसं आधीच पेन्सिल्व्हेनियाच्या खाणींत आणि पोलाद कारखान्यांत निघून गेली होती. मागे राहिलेल्यांना १९१४ च्या उन्हाळ्यात बोलावणं आलं. इतिहासकार इथून सरळ पुढे जातात आणि म्हणतात की अशा माणसाला त्या सैन्यात परकंच वाटलं असणार. अंदाज रास्त दिसतो. पण सैन्याची घडण पाहिली की तो डळमळतो.

कारण ऑस्ट्रिया आणि हंगेरीचं सामायिक सैन्य हे हंगेरीच्या शाळेसारखं चालत नव्हतं. त्याची आज्ञेची भाषा जर्मन होती, पण ती ऐंशीच्या आसपास ठराविक शब्दांपुरती. पलटणीत ज्या भाषेचे शिपाई पाचव्या हिश्श्याहून जास्त, ती पलटणीची भाषा मानली जाई आणि अधिकाऱ्याला ती शिकावी लागे. ट्रेंचीनच्या एकाहत्तराव्या पायदळ पलटणीत बहुतांश शिपाई स्लोव्हाक होते. म्हणजे ज्या भाषेत मुलाला शिकवणं गावच्या मास्तराला अवघड होत चाललं होतं, त्या भाषेत व्हिएन्नाहून आलेल्या कप्तानाला त्याच मुलाशी बोलणं भाग होतं. हंगेरीच्या स्वतःच्या होनव्हेद सैन्यात ही सवलत नव्हती, तिथे हंगेरियनच चाले. त्यामुळे ही गोष्ट सगळ्या स्लोव्हाक शिपायांना लागू होत नाही. शिवाय अधिकाऱ्यांचं स्लोव्हाक पुष्कळदा मोडकंतोडकं असे आणि युद्धात जुने अधिकारी मेल्यावर आलेल्या नव्यांना तेवढंही येत नसे. तरी सामायिक सैन्यातल्या पलटणीत स्लोव्हाक असण्याला काही अधिकृत किंमत होती, आणि त्या काळच्या सरकारी जगात अशी जागा दुसरी सापडणं कठीण होतं. पलटणीचा क्रमांक शिपायाला जवळचा वाटायला हे कारण मला पुरेसं वाटतं.

ट्रेंचीनच्या पलटणीला लोक द्रोतारांची, म्हणजे तारकाम करणाऱ्यांची पलटण म्हणत. वाह नदीचं वरचं खोरं आणि किसुत्से हा डोंगराळ, नापीक मुलूख. शेतीवर पोट भरत नसे म्हणून तिथली माणसं तार आणि पत्रा घेऊन गावोगाव हिंडत. तडा गेलेल्या मातीच्या मडक्याभोवती तारेची बारीक जाळी अशी विणायची की मडकं पुन्हा पाणी धरेल, हा त्यांचा मूळ धंदा. काचेपेक्षा आणि पत्र्यापेक्षा मातीचं भांडं स्वस्त, आणि नव्या भांड्यापेक्षा जुनं विणून घेणं स्वस्त, या हिशोबावर तो चाले. पुढे तारेच्या टोपल्या, उंदरांचे सापळे, पत्र्याची भांडी असं बरंच काही ते करू लागले आणि पाठीवर सामान घेऊन रशियापर्यंत आणि समुद्रापलीकडे पोचले. युनेस्कोने २०१९ मध्ये या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. या उल्लेखामागे हौस नाही, कारण आहे. पलटणीत भरती जिल्ह्यावार होत असे. शेजारच्या तुकडीत शेजारच्या गावचा माणूस, कधी त्याच पाड्यावरचा, एकाच धंद्यात बरोबर हिंडलेला. बिल्ल्यावरचा एकाहत्तरचा आकडा बाहेरच्याला सैन्याचा क्रमांक दिसतो. आतल्याला त्यात मुलूख दिसे, कारण त्या आकड्याखाली कोणत्या खोऱ्यांतली माणसं आहेत हे त्याला तोंडपाठ असे. राजवटी बदलल्या तरी हा अर्थ बदलण्याचं कारण नव्हतं.

निष्ठेचा सिद्धांत मोडून काढायला याच पलटणीचा इतिहास उपयोगी पडतो. ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह मार्च १९१८ मध्ये झाला आणि रशियाच्या कैदेतून शिपाई परतू लागले. त्यांच्या वाट्याला घर लगेच आलं नाही. आधी विलग छावणी, चौकशी, रशियात बोल्शेविकांचं किंवा ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध लढणाऱ्या चेक-स्लोव्हाक लेजनचं वारं लागलं का याची झडती, मग थोडकी रजा आणि पुन्हा राखीव तुकडीत हजर. एकाहत्तराव्या पलटणीची राखीव बटालियन तेव्हा सर्बियात क्रागुयेव्हात्स इथे होती. अन्न निकृष्ट, रजा अपुरी, आणि पुढचा मुक्काम इटालियन आघाडी. २ जूनच्या रात्री बराकींत बंड पेटलं. पुढाऱ्यांत व्हिक्टर कोलिबिकचं नाव आजही घेतलं जातं. बंड तासांत दडपलं गेलं. लष्करी न्यायालयाने फारसा वेळ घेतला नाही आणि ८ जून १९१८ रोजी शहराबाहेरच्या मैदानावर ४४ शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या. १९२४ मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. पुढच्या काळात या ४४ जणांना राष्ट्रीय हुतात्मे म्हणून मान मिळाला आणि तो योग्यच होता. पण बंडाची कारणं बघा: भाकरी, रजा, घर, आणि एकदा मरणातून सुटलेल्याला पुन्हा मरणाकडे पाठवण्याचा अन्याय. सम्राटाविरुद्धचा राग त्यात होता, पलटणीतल्या माणसांविरुद्धचा नव्हता. उलट एकमेकांवर भरवसा असल्याशिवाय बराकीतलं बंड एक रात्रसुद्धा टिकत नाही. तोच आकडा टोपीवर लावून याच पलटणीचे शिपाई चार वर्षं लढले आणि तोच आकडा लावणाऱ्यांनी बंड केलं. म्हणून एखाद्या घरात या पलटणीचा बिल्ला सापडला, तर त्यावरून तो शिपाई राजनिष्ठ होता असंही म्हणता येत नाही आणि बंडखोर होता असंही नाही. तो त्या माणसांतला एक होता, एवढं मात्र म्हणता येतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो कमकुवत नाही. बिल्ले विकत मिळत होते. आघाडीचं तोंडही न पाहिलेल्या नागरिकांनी ते मदतनिधीसाठी घेतले, युद्ध चालू असतानाच त्यांचे संग्राहक तयार झाले, आणि नंतरच्या काळात नकलाही निघाल्या. मग घरात बिल्ला आहे म्हणून त्या घरचा पणजोबा त्या पलटणीत होता असं कसं धरायचं? धरू नये. बिल्ला एकटा काहीही सिद्ध करत नाही. त्याच्यावर नाव नसतं. पलटणीची भरतीपत्रकं, युद्धखात्याने छापलेल्या मृत-जखमी-बेपत्तांच्या याद्या, आघाडीवरून आलेली लष्करी टपालाची पत्रं आणि छायाचित्र यांच्याशी तो जुळवून पाहावा लागतो. पण हाच आक्षेप एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. त्याच शिपायाकडे दुसरी एक धातूची वस्तू असे: बिजागरीची चपटी डबी, आत घडी घातलेला कागद, त्यावर नाव, पलटण, गाव, धर्म. शिपाई मेला तर प्रेत ओळखावं यासाठी ती होती. सैन्याने शिपायाचं नाव धातूबरोबर जोडलं ते त्याच्या मरणाच्या सोयीसाठी. त्यातही कागद ओलीने कुजे आणि नाव जाई, म्हणून अनामिक थडगी इतकी झाली. जिवंतपणी मिरवायच्या वस्तूवर मात्र फक्त पलटणीचं नाव. परत आलेल्यांना ही डबी ठेवण्यात रस असण्याचं कारण नव्हतं. बिल्ला ठेवण्याचं होतं.

तुलनेसाठी आपल्याकडचं एक उदाहरण घेता येईल. त्याच युद्धात मेसोपोटेमियात सहाव्या पूना डिव्हिजनमधून मराठा पलटणी लढल्या. कूतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावं लागलं, त्या सैन्यातही मराठा शिपाई होते. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतके मेले, असं सांगणाऱ्या पाट्या आजही भिंतींत बसवलेल्या दिसतात. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. नांगरधाऱ्याच्या मुलाचं नाव साम्राज्याने चांदीवर कोरलं. त्या साम्राज्याचा न्याय यातून सिद्ध होत नाही. मजूर तुकड्यांतल्या हिंदी माणसांना तेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं दिलं, हा भेदही त्याच कडेवर वाचता येतो. पण इतिहासकाराचं काम त्यामुळे सोपं होतं: पदक सापडलं की माणूस सापडतो. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पदकांवर असं नाव नसे. त्यामुळे स्लोव्हाक शिपायाच्या बाबतीत वस्तू आणि माणूस यांना जोडणारा दुवा एकच उरतो. तो म्हणजे त्याच्या घरच्यांनी ती वस्तू जिथे ठेवली ती जागा आणि तिच्याविषयी जे सांगितलं ते.

दुसरा आक्षेप धातूवरून निघतो. चांदीची पदकं अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे गेली, जस्ताच्या बिल्ल्याला कोणी पैसे देत नव्हतं, म्हणून तो राहिला. यात भावना कसली? यातला पहिला भाग खरा आहे. निरुपयोगी वस्तू टिकण्याला तिचं निरुपयोगी असणं मदत करतं, आणि आपल्याला दिसणारं प्रमाण त्यामुळे फसवं असू शकतं. पण टिकण्याची शक्यता आणि टिकवण्याची कृती एक नव्हे. गेल्या शतकात स्लोव्हाक घरांवर दोन युद्धं, १९४४ चं बंड, त्यानंतरची जर्मन जाळपोळ, सक्तीची सहकारी शेती आणि शहरांकडचं स्थलांतर एवढं सगळं येऊन गेलं. अशा उलथापालथीत बिनकिमतीची वस्तू आधी जाते. ती एकामागून एक घरं बदलत पुढे आली असेल, तर प्रत्येक वेळी कोणीतरी सामान बांधताना तिला जागा दिलेली असते. आणि जस्ताच्या बिल्ल्याच्या बाबतीत, त्याला ओलीपासून दूर ठेवलेलं असतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नव्या राष्ट्राच्या बाजूने येतो. स्लोव्हाकांचा खरा सैनिकी इतिहास लेजनचा आहे, असं त्यात म्हटलं जातं: २ जुलै १९१७ ची झ्बोरोव्हची लढाई, सायबेरियाची रेल्वे, आणि मिलान रास्तिस्लाव्ह श्तेफानिक, जो खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा असून खगोलशास्त्रज्ञ, वैमानिक आणि फ्रान्सचा जनरल झाला आणि ४ मे १९१९ रोजी मायदेशी उतरता उतरता ब्रातिस्लाव्हाजवळ विमान अपघातात गेला. हा इतिहास मोठाच आहे. त्याच्याशिवाय चेकोस्लोव्हाकिया त्या वेळी तसा झाला नसता. पण रशिया, फ्रान्स आणि इटली मिळून लाखभराच्या आसपास असलेल्या या लेजनमध्ये स्लोव्हाकांचा वाटा थोडा होता. बहुसंख्य स्लोव्हाक शिपाई शेवटपर्यंत जुन्याच सैन्यात राहिले, मेले, कैद झाले किंवा घरी आले. नव्या प्रजासत्ताकाने १० डिसेंबर १९१८ च्या कायद्याने सरदारक्या, किताब आणि मानपट्टे रद्द केले. १९१९ मध्ये सरकारी नोकऱ्यांत लेजनच्या माणसांसाठी राखीव जागा ठेवणारा कायदा आला. लेजनचे स्मृतिदिन, मिरवणुका, स्मारकं, पदकं, सगळं त्या राज्याच्या जन्मकथेचा भाग झालं. जुन्या सैन्यातल्या अपंगांना आणि विधवांना निवृत्तिवेतनाची सोय होती, मेलेल्यांची नावं गावोगावच्या क्रॉसवर आणि चर्चच्या भिंतींवर कोरली गेली. हातीपायी धड परत आलेल्या माणसाला मात्र या कथेत जागाच नव्हती. तो मेला नव्हता, त्यामुळे भिंतीवर त्याचं नाव नाही. तो लेजनमध्ये नव्हता, म्हणून मिरवणुकीत नाही. तीन-चार वर्षं त्याने गॅलिशियाच्या चिखलात, कार्पेथियनच्या बर्फात किंवा इसोंझोच्या दगडांत काढली होती, आणि ती वर्षं कोणत्याही बाजूची म्हणून मोजली जात नव्हती. टोपीवरचा बिल्ला ही त्या वर्षांची त्याच्याकडची एक पावती होती, आणि ती फेकायला लावणारा कोणी नसला तरी ठेवायला सांगणाराही कोणी नव्हता. म्हणूनच त्याचं ठेवणं मला बोलकं वाटतं.

हा माणूस दुटप्पी होता असं कोणी म्हणेल. दुशान युर्कोविचचं आयुष्य पाहिलं की तो शब्द हातून गळतो. तो स्लोव्हाक वास्तुकार, लाकडी बांधकामाचा जाणकार आणि आपल्या लोकांच्या सांस्कृतिक चळवळीतला माणूस. १९१६ मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि क्राकोच्या युद्धथडगी विभागात काम करू लागला. गोर्लित्सेच्या मे १९१५ च्या लढाईने माणसांनी भरून गेलेल्या बेस्किद डोंगरांत त्याने तीसहून अधिक दफनभूमी बांधल्या. रोतुंदा डोंगराच्या माथ्यावर उंच लाकडी मनोऱ्यांच्या आडोशाला ऑस्ट्रिया-हंगेरीचे आणि रशियाचे शिपाई शेजारी शेजारी झोपले आहेत. गणवेश अंगावर असताना, सम्राटाच्या पगारावर त्याने हे केलं, आणि आपल्या खोऱ्यांतल्या सुतारांचं कसब त्यात ओतलं. त्याच माणसाने १९२८ मध्ये ब्राद्लो टेकडीवर श्तेफानिकची भव्य दगडी समाधी पुरी केली. त्याला स्वतःच्या आयुष्याचे दोन तुकडे पाडावे लागले नाहीत. मेलेल्या शिपायाबद्दलची त्याची जबाबदारी राज्य बदललं म्हणून बदलली नाही. किसुत्सेच्या शेतकऱ्याकडे युर्कोविचची कला नव्हती, पण आपल्याबरोबरच्या माणसांची आठवण ठेवण्याची निष्ठा तीच होती, आणि तिच्यासाठी त्याला एकच वस्तू हाताशी होती.

१८९५ च्या सुमारास किसुत्सेत जन्मलेला माणूस म्हातारपणापर्यंत जगला, तर त्याने गाव न सोडता हंगेरीचं राज्य, पहिलं प्रजासत्ताक, १९३९ नंतरचा जर्मनीच्या छायेतला स्लोव्हाक देश आणि १९४८ नंतरची कम्युनिस्ट राजवट पाहिली. प्रत्येक राजवटीने नवी पदकं पाडली. १९४४ च्या स्लोव्हाक राष्ट्रीय उठावाची स्मरणचिन्हं पुढे वर्षावर्षाला निघत राहिली, आणि त्या उठावात ज्यांनी जीव दिला त्यांचा तो मान होताच. क्रेम्निकाच्या टांकसाळीत १९२१ पासून चेकोस्लोव्हाकियाची नाणी पडू लागली. इमारत जुनीच, साचे नवे. या सगळ्या धातूत जुन्या सैन्यातल्या शिपायाचं म्हणून काही पाडलं गेलं नाही. कम्युनिस्ट काळात पहिलं महायुद्ध हे साम्राज्यवाद्यांचं आपसातलं भांडण म्हणून पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटपे, आणि ईशान्य स्लोव्हाकियातल्या शेकडो युद्धदफनभूमींवर झाडी माजली. १९८९ नंतर स्थानिक इतिहासप्रेमींनी त्या साफ करायला घेतल्या. घरांतले बिल्ले बाहेर येऊ लागले ते याच काळात.

आणि इथे एक नुकसानही सुरू झालं, त्याबद्दल मला स्पष्ट लिहायला हवं. बाजारात आल्यावर बिल्ल्याची किंमत चित्र, कारखान्याचा शिक्का आणि दुर्मीळपणा यांवर ठरते. संग्राहक तो धुऊन-घासून ठेवतो, तुटलेली पिन बदलतो आणि पलटणीच्या क्रमांकाने वहीत नोंदवतो. कोणत्या गावातून आला, कोणाच्या ट्रंकेत होता, कशाबरोबर गुंडाळलेला होता, पिन तुटल्यावर घरच्याने ती तारेने बांधली होती का, हे सगळं एका व्यवहारात नाहीसं होतं. मग उरते ती फक्त पुढची बाजू, म्हणजे गरुड, मुकुट आणि साल. आणि तेवढ्यावरून निष्ठेचे निष्कर्ष काढणं पुन्हा सोपं होतं. संग्रहालयांनी बिल्ला घेताना दात्याकडून निदान ठेवण्याचा इतिहास टिपून घ्यावा, आणि घरच्याने केलेली वेडीवाकडी दुरुस्ती कधीही काढू नये. एकाहत्तराव्या पलटणीच्या बिल्ल्याच्या पाठीवर मूळ पिनेऐवजी हाताने वळवलेली तार निघाली, तर ज्या मुलुखात तडकलेलं मडकंसुद्धा तारेने विणून पुन्हा चुलीवर चढवत, त्या मुलुखातला तो पुरावा आहे. कारखान्याच्या शिक्क्याच्या आधी त्याची नोंद व्हायला हवी.